एवढा कोट होऊ दे

१

पॉलिशच्या धंद्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. एक गनवाली, एक ब्रशवाली. गनवाल्यांचं बरं असतं. कंप्रेसर लावला, फवारा मारला, अर्ध्या तासात चहाला मोकळे. सातपूरच्या एमआयडीसीत आता बघाल तिकडे गनवालेच. पण वाल्मीकने पंचवीस वर्षांत गन हातात धरली नाही. त्याचा सगळा संसार फोमच्या ब्रशवर चालला. काळ्या स्पंजाची पाचर आणि तिला लाकडी दांडी, एवढंच ते हत्यार. दिसायला पोरासोरांचं खेळणं. पण त्याने लावलेल्या पीयू पॉलिशात लोक भांग पाडून घ्यायचे, असं म्हणायची पद्धत होती.

त्याची कामाची रीतही ठरलेली. आधी फरशीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ बसते. शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून खाली ओढायचं. पंखा बंद. अंगातला शर्ट काढून खुंटीला, कारण सुती शर्टाचे तंतू उडतात. मोबाइल लोखंडी मांडणीवर. डबा हलवायचा नाही, पट्टीने हळू ढवळायचा. ब्रश एक तृतीयांश बुडवायचा, काठाला निपटायचा नाही, आणि लाकडाच्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायचा. दाबायचा तर मुळीच नाही. दाबला की स्पंजातली हवा सुटते आणि बुडबुडे उठतात. ओलं आहे तोवर पीयू आपलं आपण सपाट होतं, बारीकसारीक खोट स्वतःच भरून काढतं, म्हणून मागे वळून हात लावायचा नाही.

आणि या सगळ्यावर एक नियम होता. कोट, म्हणजे पॉलिशचा एक थर, सुरू केला की थांबायचं नाही. मध्ये थांबलात की ओली कड वाळते, तिथे सांधा दिसतो, आणि तो सांधा दार जळेपर्यंत दिसत राहतो.

शेजारच्या गाळ्यातला कारभारी मिस्त्री यावरून त्याची फार थट्टा करायचा. "ह्याच्या घराला आग लागली ना, तरी हा कोट पुरा करूनच इझवायला जाईन! जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय."

चैत्रापर्यंत सगळे हसायचे या वाक्याला. नंतर कारभारीने ते पुन्हा कधी काढलं नाही.

या गोष्टीतलं दार कारभारीनेच केलेलं होतं. सात फुटी, सागवानी, एकाच पल्ल्याचं. दिंडोरीच्या रविराजने द्राक्षबागेत बंगला बांधला होता, रविवारी वास्तुशांत होती. वाल्मीकने दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि सोमवारी दुपारी पहिला कोट दिला. सुमन गेल्यानंतरचं त्याचं हे पहिलंच काम.

मंगळवारी सकाळी शटर उघडून तो दाराकडे वाकला. जिथे कडी बसायची, त्याच्या जरा खाली, ओळीने चार ठिपके होते.

माशी बसली असेल म्हणून त्याने अंगठा फिरवला. माशीचा खड्डा पडतो. हे चार ठिपके वर आले होते.

त्याने तीनशेवीसचा पॉलिश पेपर घेतला आणि घासून टाकले.

२

सुमनचं आधी सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सुमन त्याची बायको. मूलबाळ नव्हतं, दोघंच. सातपूर कॉलनीत वरच्या मजल्यावर दीड खोली, गाळ्यापासून मोटारसायकलने दहा मिनिटांवर. चैत्रातल्या एका दुपारी वाल्मीक एका मोठ्या टेबलाला शेवटचा कोट देत होता. मांडणीवरचा मोबाइल घुरघुरायला लागला. पत्र्यावर मोबाइल घुरघुरला की सगळा गाळा वाजतो, तेव्हा ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. त्याने ऐकलं. मान वळवून स्क्रीनवरचं नावही वाचलं. सिलिंडर संपला असेल, नाहीतर येताना मेथी आणा म्हणत असेल. तो मोबाइलकडे बघून मोठ्याने बोललासुद्धा, "आलो गं, एवढा कोट होऊ दे."

हे वाक्य सुमनने जन्मभर ऐकलं होतं. जेवण वाढून ठेवलं की हेच, पाव्हणे आले की हेच.

मोबाइल अकरा वेळा वाजला. मग वाजायचा थांबला. कोट चाळीस मिनिटांत पुरा झाला आणि फार सुंदर झाला.

घरी गेला तर दाराला आतून कडी. त्याने हाका मारल्या, कडी वाजवली, शेवटी शेजाऱ्यांनी खांदे लावून दार तोडलं, तर ते पुरतं उघडेना. सुमन दाराला टेकूनच पडली होती. उजवा हात वर, कडीच्या जरा खालीपर्यंत आलेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. डॉक्टरांनाही काय, बोलायची सवय असते. पण ते वाक्य वाल्मीकच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

तिची थोरली बहीण धोंडाबाई दिंडोरीहून आली आणि दहा दिवस राहिली. सुमन पडली त्या जागी तिने दिवा लावला, शेजारी ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर पाटी पालथी घातली. गेलेलं माणूस जाताना पिठावर आपली खूण ठेवून जातं. कुणाचं पाऊल उमटतं, कुणाची चिमणीची नखं, कुणाची नुसती मुंगीची वाट. कुठल्या का रूपात होईना, गेलं एवढं कळतं.

दहाव्याच्या सकाळी पाटी उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. सपाट आणि गुळगुळीत.

"अगंबाई," धोंडाबाई म्हणाली. "मंग ती गेलीच नाय का?"

रामकुंडावर कावळाही शिवेना. तासभर ऊन डोक्यावर घेऊन सगळे उभे. कुणी म्हणालं, तिच्या मनात काय राहिलंय ते बोला. वाल्मीकला माहीत होतं काय राहिलंय. तो पिंडापाशी वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "सुमन, पुन्हा तुझी हाक आली तर हातातलं काम टाकून येईन. कसलंही काम असो. शब्द देतो."

कावळा त्याच क्षणी आला. धोंडाबाईने वाल्मीककडे रोखून पाहिलं. "काय कबूल केलं, वाल्मीकराव?"

त्याने सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "मंग पाळा."

३

मंगळवारी दुपारी त्याने दुसरा कोट दिला. देताना दाराच्या पोटातून एकदा बारीक आवाज आला. लाकूड आहे, दुपारच्या उन्हाने तडकतं. ब्रश चालूच होता. आणखी एकदा आला, तेव्हा त्यात काहीतरी किणकिणलं. बाहेर रस्त्यावर सळया भरलेला टेम्पो चालला असेल, असं त्याने मनाला सांगितलं. शटरखालून रस्ता दिसत होता. टेम्पो नव्हता.

बुधवारी सकाळी दारावर पंजा होता.

तो दाबल्याने उमटलेला नव्हता. आतून वर आला होता. ओल्या चादरीखाली हात धरावा तसा. तळवा, चार बोटं, अंगठा. वाल्मीकने कुलपाकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, मागच्या खिडकीची जाळी हलवून बघितली. मग बाहेर जाऊन कारभारीला घेऊन आला. आपल्याच डोळ्यांवर भरवसा ठेवायची त्याची तयारी नव्हती. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, पण कारभारीच्या मनात कशाला काय वसेल?

कारभारीने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने बोटांवरून हवेतच रेघ ओढली. लाकडाला टेकवली नाही.

"लाकडात ओल ऱ्हायली आसंल," तो म्हणाला. "ओल वर येती, फुगवटा धरती. हुतं आसं."

"तुझं सागवान कधी ओलं असतं का?"

"नाय." त्याने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "बाईमाणसाचा हात हाय रं. आन् ही करंगळी आशी वाकडी का?"

लहानपणी पाटा पडून सुमनची करंगळी पेरातून वाकडी झाली होती. पोळी लाटताना ती बाजूला उभी राहायची.

"घासून टाक," कारभारी म्हणाला. "लगीच घासून टाक. चहा नको मला." आणि चपला नीट न घालताच गेला. त्या दिवसभर त्याच्या गाळ्यातलं कटर काही चालू झालं नाही.

वाल्मीकने पेपर घेतला. पंजावर धरला. मग पेपर खाली ठेवून आपला हात त्यावर ठेवला. बोटाला बोट लागलं. त्याचा हात सुमनच्या हातापेक्षा मोठा, तो वर पुरता झाकण घातल्यासारखा बसला. खालचं पीयू गार होतं. तो तसाच उभा राहिला, किती वेळ कोण जाणे. शेवटी भोंगा झाला आणि पहिल्या पाळीची माणसं सुटून रस्त्याने जायला लागली तेव्हा त्याने हात काढला.

बाकीचं दार त्याने घासलं. ती एक वीतभर जागा सोडून.

४

त्याने गाळ्यातूनच धोंडाबाईला फोन लावला. ती मळ्यात होती, मागे औषध फवारायचा ट्रॅक्टर घरघरत होता.

"मिस्त्री म्हणतो ओल असेल," सगळं सांगून झाल्यावर वाल्मीक म्हणाला.

"मिस्त्र्याच्या घरचं कोण गेलंय?" ती म्हणाली. "ती दाराशी पडली व्हती, वाल्मीकराव. आजून दाराशीच हाय. कडी लागत नाय तिच्या हाताला."

"मग मी काय करू अक्का? दार फोडू?"

"तुम्ही शब्द दिलाय ना? तिनं बोलावलं की जायचं. येवढंच हाय. नवऱ्यानं एकदा वळून पाह्यलं की बाई मोकळी हुती. लय काय लागतं व्हय आपल्याला?"

वाल्मीकने फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. सव्वादोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. माणसाला चूक दुरुस्त करायची संधी कुठे मिळते? गेलेलं माणूस गेलं, वरातीमागून घोडं काय कामाचं! पण त्याला मिळत होती. सोपं होतं सगळं. हाक कोट चालू असतानाच येते. म्हणजे कोट द्यायला हवा. हाक आली की ब्रश टाकायचा. ओली कड वाळेल, सांधा पडेल, रविराज शिव्या देईल, दार खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. करू की! पन्नास वेळा करू.

घरी जाऊन त्याने, तोडलेल्याच्या जागी बसवलेल्या नव्या दाराची कडी आतून लावली, काढली, पुन्हा लावली. त्या जागी उभं राहून हात वर करून पाहिला. मग दोन दिवसांचा शिळा भात गरम करून पोटभर जेवला.

५

गुरुवारी दुपारी शेवटचा कोट.

फरशीवर पाणी शिंपडलं. शटर ओढलं. पंखा बंद. शर्ट खुंटीला. मोबाइल या वेळी मांडणीवर न ठेवता बनियनच्या आत छातीशी खोचला. डबा ढवळला. पंजा होता तिथेच होता. त्याच्यावरून हलक्या हाताने फडकं फिरवून त्याने धूळ पुसली, आणि "आलोच बघ" म्हणाला.

बिजागरीच्या कडेने सुरुवात केली. पंजा कडीच्या बाजूला, म्हणजे सगळ्यात शेवटच्या पट्टीत यायचा. पहिली पट्टी गेली. दुसरी गेली. स्पंज लाकडावरून सरकताना आवाजच होत नाही, म्हणून गाळ्यातला बारीकसारीक आवाजही ऐकू येतो. मांडणीचा पत्रा उन्हाने टचकन वाजला. पाणी फरशीच्या उतारावरून मोरीकडे गेलं. अर्धं दार झालं आणि काहीच झालं नाही. वाल्मीकच्या कपाळावर घाम आला. येणार नाही की काय? पहिल्यांदा तिला तिष्ठत ठेवली, आता आपण तिष्ठायचं, हेच बरोबर आहे.

मग वाजलं.

पेराने दोनदा, आणि मागोमाग काचेची किणकिण. सुमन अशीच वाजवायची. हातात भांडी असली तरी दोनदा पेर आणि मग बांगड्या. अहेव गेली, हातात हिरवा चुडा तसाच होता.

आवाज दाराखालून आला नाही. दारातून आला.

आता टाक ब्रश, वाल्मीक स्वतःला म्हणाला. पण ब्रश पट्टीच्या मधोमध होता. एवढी पट्टी टोकाला नेतो आणि ठेवतो. नेली. तिची कड ओली होती, तुळतुळीत, आरशासारखी. हाताने आपणहून ब्रश बुडवला आणि पुढची पट्टी धरली. पुन्हा वाजलं. तो थांबला असता. थांबणारच होता. फक्त ही कड सांभाळायची होती. पुन्हा वाजलं. चार. पाच. आता मध्ये खंड पडेना, एकामागून एक वाजत होतं, आणि पहिल्यासारखं हळूही राहिलं नव्हतं. घोडे फरशीवर करकरले. पंचवीस वर्षांची सवय खांद्यातून मनगटात आणि मनगटातून बोटात उतरत होती, आणि वाल्मीक उभा राहून बघत होता, दुसऱ्या कुणाचं काम बघावं तसा.

"आलो गं," तो म्हणाला. "एवढा कोट होऊ दे."

ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला ऐकू आले. त्याचे डोळे भरून आले, सगळं अंग ओरडत होतं की थांब, अरे थांब, मेल्या, थांब. ब्रश थांबला नाही.

नऊ. दहा.

शेवटच्या पट्टीत पंजा होता. पण आता तो सपाट नव्हता. बोटं वाकली होती, वर कुठेतरी कडी असेल आणि ती हाताला लागत नसेल तशी. त्या बोटांवरून ब्रश गेला. दाबायचं नाही, हे इतकं अंगात मुरलेलं की त्याने तेव्हाही दाबलं नाही. स्पंजातून ऊब लागली. तापल्या लाकडाची ऊब त्याला ठाऊक होती, ही ती नव्हती. वाकडी करंगळी स्पंजाखाली एकदा हलली, आणि ब्रश पुढे टोकापर्यंत गेला.

अकरा.

कोट पुरा झाला. हात आपोआप थांबला.

वाल्मीकने ब्रश फेकला आणि दारावर वाकला. "सुमन! आलो, आलो मी!" पंजापासून हातभर अंतरावर, माणसाचं तोंड असावं तिथे, पीयूत एक बुडबुडा आला. मग तीन आले. मग बारीक बुडबुड्यांची एक माळच वर आली, भरभर, घाईने. त्याने दाबलं नव्हतं. त्याच्या ब्रशने पंचवीस वर्षांत बुडबुडा उठवला नव्हता. एकेक फुटत गेला. शेवटचा जरा वेळ राहिला. त्याच्यात वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ वाकून दिसत होती. तोही फुटला.

पुढे काही आलं नाही.

आणि पीयू आपलं काम करायला लागलं. आधी बोटांमधल्या फटी भरल्या. मग बोटं बुजली. करंगळीचा उंचवटा सगळ्यात शेवटी गेला. वाल्मीक हात वर धरून उभा होता, ओल्याला हात लावायचा नाही म्हणून. लावला असता तर काय बिघडलं असतं, हे त्याला फार उशिरा सुचलं. तोवर दार सपाट झालं होतं. धोंडाबाईने पसरलेल्या पिठासारखं.

तो तिथेच ओल्या फरशीवर मटकन बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडला.

६

शनिवारी सकाळी रविराज टेम्पो घेऊन आला. दाराभोवती फिरला, वाकून एका डोळ्याने बघितलं, आणि त्याने पुन्हा पुन्हा मान हलवली.

"काका, मानलं तुम्हाला! एक बुडबुडा नाही, एक सांधा नाही. पुण्याहून माणूस आणणार होतो मी, काय येड लागलं होतं मला." त्याने तळवा ठेवून पाहिला. "कसलं गार लागतंय."

दोन दिवसांत वाल्मीक घरी गेला नव्हता, हे त्याच्या दाढीवरून कळत होतं. हमाल दार उचलायला वाकले तेव्हा तो पुढे झाला.

"जरा थांबा," तो म्हणाला.

कारभारी आपल्या गाळ्याच्या उंबऱ्यात उभा होता. त्याने सगळं पाहिलं, आणि नंतर कुणी विचारलं तरी त्याने त्यावर बोलायचं टाळलं. वाल्मीकने दाराला कान लावला. मग पेराने दोनदा वाजवलं. थांबला. पुन्हा दोनदा वाजवलं. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. रविराजला वाटलं, म्हातारा लाकूड तपासतोय.

"सुमन," वाल्मीक हलकेच म्हणाला, "झाला गं कोट. आलोय मी."

अकरा वेळा वाजवून त्याने कान काढला. दार भरीव वाजत होतं. चांगलं सागवान तसंच वाजतं.

"चला काका, उन्हं चढतील," रविराज म्हणाला.

हमालांनी दार घोंगडीत गुंडाळलं, टेम्पोत उभं केलं आणि दोरीने आवळून बांधलं.